जाऊबाई सांगतील ती बोट

आमच्या बेटावर सुट्टीला येणाऱ्या माणसाला वाटतं, आपली बोट आपण निवडतोय. वाटू दे बापड्याला. तो धक्क्यावर येतो, काउंटरवरची उन्हाने निळी पडलेली चित्रं बघतो, टोपी मागे सारून बायकोला विचारतो, "काय गं, शीड की इंजिन?" आणि ती बिचारी उत्तर देईपर्यंत काउंटरमागे बसलेल्या माझ्या थोरल्या जाऊबाईंनी त्या दोघांचं ठरवून टाकलेलं असतं.

आमच्या घरच्या बोटी दोन. शिडाची बोट थोरले भाऊजी चालवतात, म्हणजे जाऊबाईंचे यजमान. ती उथळ पाण्यातल्या पांढऱ्या वाळूच्या पट्ट्यापर्यंत जाते, तिथे माणसं पाय भिजवतात, फोटो काढतात आणि वारा असेल तसे परत येतात. इंजिनाची बोट आमच्या ह्यांची. ती पोवळ्यांच्या खडकापर्यंत धडधडत जाते, मासे दाखवते आणि जेवणाच्या वेळेला परत आणून सोडते. मी लाइफ जॅकेटं सांभाळते. धुते, वाळत घालते, आणि लोकांच्या पोटांवर पट्टे आवळते. हे काम हलकं वाटत असेल तर एकदा येऊन बघा. हनिमूनला आलेल्या माणसाला "श्वास आत घ्या" असं त्याच्या बायकोसमोर सांगायला जिगर लागते.

जाऊबाईंचा बोट निवडण्याचा हिशोब अगदी सरळ होता. मी नवीन सून म्हणून आले तेव्हाच त्यांनी मला तो समजावला होता.

"अगं, इंजिनाच्या आवाजात कोण कोणाशी बोलणार? तिथे ज्यांना बोलायचं नाही त्यांना बसवायचं. शिडाच्या बोटीत आवाज नाही, उतरून पळता येत नाही, आणि तुझे भाऊजी तर लाकडाच्या खांबासारखे ढिम्म. त्यांच्यासमोर माणूस काहीही बोलतो. ज्यांचं बोलायचं राहिलंय, त्यांना शीड."

"पण त्यांचं राहिलंय हे तुम्हाला कसं कळतं?"

"तू पट्टे बांधतेस ना? बघत जा की मग. बायको नवऱ्याचा पट्टा बांधते का, बांधताना ओढते का, की तो आपला आपण बांधून मोकळा होतो. मला नुसती खूण करत जा."

झालं, मी सामील. बायकोने पट्टा जरा जास्तच आवळला की मी खोकायचे. जाऊबाई लगेच चष्मा नाकावर चढवायच्या आणि अगदी गोड आवाजात म्हणायच्या, "अरेरे, इंजिनाची भरली हो. शिडाची घ्या, छान वारा आहे."

'भरली' हे त्यांचं हत्यार. कोणती बोट कधी भरेल हे फक्त त्यांना माहीत. एकदा एक टोपीवाले साहेब हट्टाला पेटले, "शिडाचीच हवी, मी खास त्यासाठी आलोय." जाऊबाईंनी बघितलं, साहेबांच्या मागे त्यांची बायको झोप न झालेल्या डोळ्यांनी उभी, आणि साहेब हॉटेलपासून धक्क्यापर्यंत अखंड बोलत आलेले. "भरली हो," म्हणाल्या आणि त्यांना आमच्या ह्यांच्या बोटीत, अगदी इंजिनाला चिकटून बसवलं. परत आल्यावर त्या बाईंनी काउंटरवर येऊन जाऊबाईंचा हात हातात घेतला. साहेबांचा घसा बसला होता.

नेहमी असं गोड व्हायचं असं नाही हं. एका जोडप्याला शिडाच्या बोटीत घातलं, आणि परत आल्यावर त्यांनी हॉटेलात वेगळ्या खोल्या मागितल्या. मी म्हटलं, "जाऊबाई, हे काय केलंत?" तर म्हणतात, "मी काय केलं? त्यांचं बोलणं झालं ना? मग!" वर नाक मुरडून पंखा स्वतःकडे वळवून घेतला. धक्क्यावरचे बाकीचे बोटवाले त्यांना उगाच नाही 'बंदराची सासू' म्हणत. तोंडावर नाही म्हणायचे. तेवढी कोणाची छाती नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, अशा बाईच्या घरात किती गप्पा रंगत असतील. कसल्या गप्पा नि कसलं काय! भाऊजी दिवसभर लोकांची रडगाणी ऐकून यायचे आणि घरी तोंडाला कुलूप. जेवायचे, ताट उचलायचे, झोपायचे. तेही उशिरा यायचे, कारण शेवटची फेरी संपल्यावर त्यांना बोट धुवायची असायची. रोज. इतकी धुवायचे की मला वाटायचं एक दिवस लाकूड झिजून हे पाण्यात बसणार. घरातला सगळा आवाज म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, आमची चिमणी. बोलायला लागली की थांबायची नाही, आणि जाऊबाईंना तेच हवं असायचं. चिमणी लग्न होऊन पलीकडच्या मोठ्या गावाला गेली आणि जाऊबाईंचं घर एकदम मुकं झालं. त्या माझ्याकडे कशाला ना कशाला यायच्या. चाळणी द्यायला यायच्या, चाळणी न्यायला यायच्या. एकच चाळणी!

आणि मग चिमणी भांडून माहेरी आली.

कारण काय, तर शिवणाचं मशीन. शिडाचं जाड कापड शिवायचं ते दणकट मशीन तिने लग्नात स्वतःबरोबर नेलं होतं. त्यावर ती लोकांच्या बॅगा शिवायची. जावयाने ते तिला न विचारता आपल्या बहिणीला देऊन टाकलं. "नुसतं पडून तर होतं," असंही म्हणाला वर. चिमणीने बॅग भरली आणि सुटली ती सरळ इथे. त्यालाही घमेंड, तो न्यायला आला नाही. हिलाही घमेंड, हिने फोन उचलला नाही. आठवड्यांवर आठवडे गेले. मला पोरीची काळजी वाटत होती, कारण ती दिवसा खिदळायची आणि अंघोळीला गेली की नळ मोठा सोडून रडायची. पण जाऊबाई? जाऊबाई फुलून आल्या होत्या! काउंटरवर गुणगुणायच्या. चाळणी न्यायला येणं बंद. कोणी जावयाचा विषय काढला की म्हणायच्या, "येईल त्याला गरज असेल तर. आमची पोर आम्हाला जड नाही."

एका सकाळी तो आला. शर्ट चुरगळलेला, दाढीचे खुंट वाढलेले, हातात बॅग नाही काही नाही. पलीकडच्या गावाच्या बोटीतून उतरला तो थेट काउंटरवर. चिमणी तिथेच आईजवळ बसली होती. त्याला बघून तिने मान खाली घातली आणि नखं कुरतडायला लागली. तो तिच्याशी बोलेल असं मला वाटलं. तर तो जाऊबाईंकडे बघत म्हणाला, "सासूबाई, आम्हा दोघांना शिडाची बोट द्या."

माझ्या हातातलं जॅकेट तसंच राहिलं. घरचा जावई तो, शिडाची बोट कोणाला द्यायची असते हे त्याला चांगलं ठाऊक होतं. बिचाऱ्याने आणखी कसं सांगायचं? बोलायचंय म्हणत होता तो! बोलले की मिटणार, आणि मिटलं की चिमणी जाणार. एवढं सगळं त्या एका बोटीवर अडलेलं.

जाऊबाईंनी चष्मा नाकावर चढवला. "अरेरे," त्या म्हणाल्या, "शिडाची भरली हो, जावईबापू. इंजिनाची घ्या. मोकळी आहे, दोघंच जा आरामात."

भरली? धक्क्याला शिडाची बोट रिकामी डुलत होती. भाऊजी एकटेच आत बसून फळ्या पुसत होते. त्यांनी मान वर करून बायकोकडे एकदा बघितलं आणि पुन्हा फळी पुसायला लागले. जावयाने रिकाम्या बोटीकडे बघितलं, सासूकडे बघितलं, आणि मूग गिळून गप्प बसला. चिमणीही बोलली नाही.

माझं डोकं सणकलं. माझी जाऊ आहे, थोरली आहे, मान्य. पण जगाचं बोलणं घडवून आणायचं आणि पोटच्या पोरीच्या वेळी इंजिन लावायचं? मी तिथे तोंड उघडलं असतं तर धक्क्यावर तमाशा झाला असता. म्हणून मी जॅकेटं उचलली आणि आमच्या ह्यांच्या बोटीपाशी गेले.

"अहो, ऐका. खडकाजवळ गेलात की इंजिन बंद पाडायचं."

"काय?"

"बंद पाडायचं. बिघडलं म्हणायचं. पाठ करून बसायचं आणि पान्हा घेऊन उगाच खुडबुड करत राहायचं, दोघं बोलेपर्यंत."

ह्यांचा चेहरा असा झाला, जसं काही मी त्यांना मुलगा विकायला सांगितलाय. "माझं इंजिन? बंद? अगं, आजवर एकदा तरी बंद पडलंय का? उद्या सगळा धक्का काय म्हणेल? दादा काय म्हणेल? शीडवाले हसतील मला!"

"हसू देत. पोरीचा संसार मोठा की तुमचं इंजिन?"

ते इंजिनावर हात ठेवून उभे राहिले. खरं सांगते, विचार करत होते. शेवटी म्हणाले, "कपड्यांना डिझेलचा वास येतो म्हणून पुन्हा कधी बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"शपथ?"

"शपथ. निघा आता."

चिमणीला पट्टा बांधताना मी तो मुद्दाम ढिला ठेवला आणि जावयाला म्हटलं, "जरा ओढून घट्ट करा हो, माझे हात दुखतायत." त्याने केला. तिने करू दिला. बोट धडधडत गेली आणि मी काउंटरवर येऊन शहाण्या सुनेसारखी बसले.

गिऱ्हाईकं येत-जात राहिली. जाऊबाई आज कोणाचेच पट्टे बघत नव्हत्या. एका आजोबांना आणि त्यांच्या नातीला त्यांनी चक्क विचारलं, "तुम्हाला कोणती हवी?" मी चाट पडले. आजोबाही गोंधळले, म्हणाले, "तुम्हीच सांगा ना." त्या म्हणाल्या, "दुपारी या."

जेवणाची वेळ झाली, टळली. इंजिनाची बोट काही येईना. आधी मी मनात हसत होते. म्हटलं, रंगल्या दिसतात गप्पा. पण मग उन्हं कलायला लागली आणि माझं हसू आटलं. दोघं बोलेपर्यंत बंद ठेवा म्हटलं होतं, मुक्काम करा नव्हतं म्हटलं. मला काळजी वाटायला लागली, आणि आता ती जाऊबाईंना दाखवताही येईना. त्या तर उठून धक्क्याच्या टोकाला जाऊन आल्या, परत गेल्या, परत आल्या.

"कधी उशीर करत नाही गं हा," त्या म्हणाल्या.

"येतील हो. मासे बघत असतील."

"कसले मासे!" त्या एकदम खाली बसल्या, जॅकेटांच्या ढिगावरच. "बोट भरली नव्हती."

"दिसत होतं मला."

"शिडाच्या बोटीत बसवलं असतं तर दोघं बोलली असती. मिटवलं असतं त्यांनी. आणि ती गेली असती. मला नको होतं ती जायला. अगं, ती आल्यापासून मला झोप लागते. नाहीतर घरात काय आहे? घड्याळ वाजतं, हे जेवतात. संध्याकाळी घर नुसतं खायला उठतं." डोळ्यांना पदर लावून त्या म्हणाल्या, "आणि आता माझ्या खोटेपणापायी पोर कुठे समुद्रात अडकली असेल तर?"

मला रडूही आलं आणि जीभ चावावीशीही वाटली. सांगायला तोंड उघडलं, तोवर जाऊबाई उठल्या आणि तरातरा शिडाच्या बोटीकडे गेल्या. "चला!" भाऊजींना म्हणाल्या. "बघत काय बसलात? पोरं आली नाहीत अजून." आणि एका हाताने साडी सावरून, दुसऱ्याने भाऊजींचा खांदा पकडून सरळ बोटीत. सगळ्या बेटाला बोटीत बसवलं, पण ह्या बाईला बोटीत चढताना मी पहिल्यांदा बघत होते. भाऊजींनी दोर सोडला.

ती दोघं लांब गेली आणि थोड्याच वेळात, दुसऱ्याच बाजूने, धडधड ऐकू आली. आमचे हे!

बोट लागताच मी ह्यांना कोपऱ्यात घेतलं. "इतका वेळ?"

"इतका वेळ काय! मी बंद पाडलं, आणि मग ते खरंच चालू होईना! रागावलं माझ्यावर." ह्यांचे हात कोपरापर्यंत काळे होते. "आणि तुझी ती बोलण्याची आयडिया. कोणी बोललं नाही. बोट नुसती डुलायला लागली. जावयाने बोलायला तोंड उघडलं आणि भडाभडा ओकायलाच लागला."

"अरे देवा. आणि चिमणी?"

"आधी हसली. पोटभर हसली. मग त्याची पाठ चोळत बसली. तो मध्येच म्हणाला, मशीन घरी आणलंय परत. ही म्हणाली, कुठलं? तो म्हणाला, तुझंच, ताईच्या घरून, खांद्यावर घालून आणलंय. तेव्हापासून खांदा धरलाय. ही म्हणाली, मग सांगायचं नाही का? तो म्हणाला, फोन उचलत नव्हतीस. ही म्हणाली, एकदाच केला होतास! मग काय, दोघं भांडत सुटली. मी मेलो ते इंजिन चालू करता करता."

चिमणी बोटीतून उतरली तेव्हा जावयाचा शर्ट तिने स्वतः समुद्राच्या पाण्यात खळबळून खांद्यावर टाकला होता. जावई पांढराफटक पडला होता आणि वेड्यासारखा हसत होता. मी त्याला लिंबू चोखायला दिलं.

शिडाची बोट मात्र येईना. वारा पडला होता. लांबवर ती जागच्या जागी उभी दिसत होती, आणि त्यात दोन ठिपके. कितीतरी वेळाने, संध्याकाळच्या वाऱ्यावर, ती हळूहळू धक्क्याला लागली. जाऊबाई उतरल्या. केस पिसासारखे उडालेले, नाक उन्हाने लाल. लेकीला बघून त्यांनी तिला आधी पोटाशी धरलं आणि मग पाठीत एक धपाटा घातला.

"बोट भरली नव्हती," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले."

"मला दिसत नव्हतं का आई? रिकामी होती की."

"मग बोलली का नाहीस?"

चिमणीने नवऱ्याकडे बघितलं. "मलाच शिडाच्या बोटीत बसायची भीती वाटत होती. हा काय सांगेल कोण जाणे. सोडचिठ्ठी मागितली असती तर? तू भरली म्हणालीस, मला बरं वाटलं."

जाऊबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "जा तू. गावाला जाणारी शेवटची बोट आहे अजून. माझ्यासाठी राहू नकोस. चल, बॅग मी भरते." आणि खरंच भरली. नको त्या गोष्टीही भरल्या. माझी चाळणीसुद्धा भरली, ती मी नंतर काढून घेतली.

बोट त्या दोघांना घेऊन गेल्यावर आम्ही काउंटर बंद करत होतो. मला राहवेना म्हणून विचारलं, "वारा पडला तेव्हा तुम्ही दोघं काय करत होता हो इतका वेळ?"

"बसलो होतो."

"नुसते?"

जाऊबाई कुलूप हातात घेऊन उभ्या राहिल्या. "तुझे भाऊजी बोलले," त्या म्हणाल्या. "म्हणाले, मला घरी यायला नको वाटतं, पोरगी गेल्यापासून तर फारच. तू समोर बसतेस, तुझा चेहरा उतरलेला असतो, काय बोलावं सुचत नाही. म्हणून बोट धूत बसतो. अगं, मला इतकी वर्षं वाटायचं ह्यांना घरापेक्षा ती बोट प्यारी आहे." त्यांनी पदराने नाक पुसलं. "लोकांनाच शिडाच्या बोटीत बसवत राहिले मी."

मी त्यांच्या हातातून कुलूप घेतलं आणि लावलं. इंजिनाचं खरं काय ते मी तेव्हाही सांगितलं नाही, आणि पुढेही सांगायचा विचार नाही. आमचे हे अजून धक्क्यावर खाली मान घालून चालतात आणि शीडवाले त्यांना बघून हसतात. त्यांच्या कपड्यांना येणाऱ्या वासाबद्दल मी अवाक्षर काढत नाही.

त्या संध्याकाळी भाऊजी दिवेलागणीच्या आतच घरी आले. आमच्या आणि त्यांच्या स्वयंपाकघरात एकच भिंत, त्यामुळे आम्ही नको नको म्हणत असलो तरी सगळं ऐकू येतं. मी पोळ्या लाटत होते आणि पलीकडून एकदम आरडाओरडा सुरू झाला. भाऊजींनी विचारलं होतं, मिठाची बरणी चुलीच्या इतकी जवळ का ठेवतेस, ओल धरते. जाऊबाई म्हणाल्या, आज कळलं का तुम्हाला, मीठ कुठे असतं ते? ते म्हणाले, रोज दिसतं, रोज वाटतं सांगावं. त्या म्हणाल्या, मग दातखीळ बसली होती का?

आमचे हे ताटावरून उठले. "भांडतायत गं. जाऊन सोडवतो."

मी हातातल्या लाटण्यानेच त्यांना अडवलं. "खबरदार जागचे हललात तर. बसा खाली, जेवा."

पलीकडे भाऊजी आता मिठावरून तेलाच्या डब्यावर आणि डब्यावरून दाराच्या करकरत्या बिजागरीवर आले होते, आणि जाऊबाई मध्येमध्ये रडत, ओरडत एकच म्हणत होत्या, "आणखी काय काय बघत होता गुपचूप इतकी वर्षं? सांगा ना. सांगा."